बॅटरी लावेल तो हरला!

"येत्या पौर्णिमेला राजमाची! रात्रीची चालत. फक्त तू आणि मी. येतोस?"

मी "हो" म्हणतोय न म्हणतोय तोच मित्रानं फोन ठेवला. मी मात्र फोन हातात धरून तसाच उभा! कारण फोन दुसऱ्या कुणाचा नव्हता, त्याचा होता. आणि तो चक्क रात्री रानातून चालायचं म्हणत होता!

दोस्तांनो, यात एवढं नवल काय, हे कळायला तुम्हाला पंचवीस वर्षं मागं यावं लागेल. आम्ही आठवीत होतो. शाळेचं शिबिर होतं. हा माझा मित्र वर्गात हुशार, खो-खोत चपळ, पण अंधार पडला की याची गाळण उडायची. रात्री तंबूबाहेर जायचं तर कुणाचा तरी हात हवा. मग एका रात्री काही जणांनी बेत केला. मी पांढरी चादर डोक्यावरून घेतली आणि वडाच्या झाडाखाली जाऊन उभा राहिलो. मित्र आला, त्यानं मला पाहिलं, आणि असा धूम पळाला की तंबूच्या दोरीत पाय अडकून धाडकन आपटला. गुडघे फुटले. सगळे खो-खो हसले. मीही हसलो. दुसऱ्या दिवसापासून त्याचं नाव पडलं 'ससोबा'.

नववीच्या शिबिराला तो आला नाही. दहावीच्याही नाही. "पोट दुखतंय," म्हणाला. आमची मैत्री तुटली नाही, पण त्या रात्रीबद्दल आम्ही कधी एक अक्षर बोललो नाही. ना तो, ना मी.

आणि आता हाच ससोबा मला रात्री रानात बोलवत होता.

*

पौष महिना. शाकंभरी पौर्णिमा. पाठीवर सॅक, अंगात स्वेटर, कानाला मफलर, डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. संध्याकाळी आम्ही लोणावळ्याला उतरलो आणि तुंगार्लीच्या दिशेनं चालू लागलो.

लोणावळ्याहून राजमाचीच्या पायथ्याचं उधेवाडी गाव सुमारे पंधरा किलोमीटर. मोठी चढण नाही. गाव आणि धरणं मागं टाकली की पुढं कच्चा रस्ता लागतो. तो कधी माळावरून जातो, कधी दाट झाडीतून. पावसाळ्यात इथं चिखल आणि धबधबे. हिवाळ्यात मात्र सारं कोरडं, गवत सोनेरी, वाट मोकळी. चांदण्यात चालायला याहून छान वाट कुठली?

दिवे मागं पडले तेवढ्यात पूर्वेच्या डोंगरामागून चंद्र वर आला. केवढा! पितळेच्या परातीएवढा, आणि रंगही तसाच.

"आता वाक," मित्र म्हणाला.

"काय?"

"वाक रे! चंद्राकडं पाठ कर आणि पायांच्या मधून बघ."

रस्त्यात इकडं-तिकडं कुणी नाही ना, हे पाहून मी वाकलो. तोही वाकला. दोन बाप्ये माणसं कच्च्या रस्त्यात ओणवी होऊन पायांमधून चंद्र बघताहेत! आणि गंमत म्हणजे चंद्र एकदम लहान झाला! सरळ उभं राहिलो की पुन्हा परात. खरं तर डोंगरापाशी असो की डोक्यावर, चंद्राचा आकार आपल्याला जवळजवळ सारखाच दिसायला हवा. आपला मेंदूच फसतो. पटत नसेल तर हात लांब करून करंगळी आडवी धरा. उगवताना केवढाही मोठा वाटला तरी एका करंगळीमागं चंद्र आख्खा लपतो.

"आता नियम ऐक," मित्र म्हणाला. "बॅटरी दोघांच्या सॅकमध्ये. मोबाइलचा दिवाही चालणार नाही. जो आधी लावेल तो हरला."

"आणि हरणारा काय देणार?"

"ते हरल्यावर सांगतो."

मग तो झाडाच्या सावलीत गेला, सॅकमधून एक कानटोपी काढून त्यानं घातली आणि चांदण्यात येऊन उभा राहिला. "बोल, रंग कुठला?"

चंद्र आता चांगला वर आला होता. त्याच्या शर्टावरच्या रेघा दिसत होत्या, नाकावरचा चष्मा दिसत होता. पण रंग? सारं जग राखाडी. मी निरखून पाहिलं आणि बेधडक म्हटलं, "काळी!"

"पैज?"

"पैज!"

"बरं," एवढंच म्हणून तो हसला. "सकाळी बघू."

*

पहिला अर्धा तास मी ठेचकाळत होतो. तो मात्र आरामात चाललेला. "घाई नको करू," तो म्हणाला. "डोळ्यांना वेळ दे. त्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं, अर्धा तास लागतो. आणि मध्येच एकदा जरी झगझगीत उजेड पाहिलास, तरी सगळी मेहनत पाण्यात! म्हणून तर बॅटरी नको."

अगदी तसंच झालं. हळूहळू वाट उजळत गेली. चंद्राचा उजेड वाढला होताच, पण माझे डोळेही उघडत होते. पौर्णिमेचं चांदणं भर दुपारच्या उन्हापेक्षा सुमारे चार लाख पटींनी मंद असतं. तरी एवढ्याशा उजेडात मला वाटेवरचे दगड, गवताची पाती, समोरच्या डोंगराची धार दिसू लागली. आपले डोळे काय चीज आहेत बघा!

मग आमच्या अंगात पोरं शिरली. आम्ही सावली-पकड खेळलो. तुम्ही उन्हात खेळता तसंच. एकानं दुसऱ्याच्या सावलीवर पाय द्यायचा. चंद्र अजून तिरपा होता, त्यामुळं सावल्या ताडमाड. पाय द्यायला सोप्या, वाचवायला कठीण! धावून धावून स्वेटर काढायची वेळ आली. तेवढ्यात वाट एका ओढ्यात उतरली आणि अंगावर बर्फाचं पाणी ओतावं तशी थंडी आली. पलीकडं वर चढलो, तर पुन्हा ऊब! थंड हवा जड असते. ती रात्री पाण्यासारखी उताराला वाहते आणि खोलगट जागी साचते. प्रत्येक ओढ्यात जणू थंडीचं एक डबकं. मग तो एक नवाच खेळ झाला. पुढचं डबकं कुठं येणार ते आधी ओळखायचं आणि ओरडायचं, "बुडालो रे!"

मध्येच पायाजवळून काहीतरी फुर्रकन उडालं. माझ्या तोंडून "अगंआई!" निघालंच. तो होता रातवा पक्षी. दिवसा पाचोळ्यात बसला तर पाचोळाच दिसतो, आणि रात्री खुशाल मातीच्या रस्त्यावर बसून राहतो. पंखांचा आवाज म्हणाल तर कापूस उडाल्यासारखा.

"घाबरलास?" मित्रानं विचारलं.

"छे!" मी म्हटलं.

*

दहा वाजून गेले होते. फणसराईची वस्ती केव्हाच मागं पडली होती. झाडी दाट झाली. चांदणं पानांतून गळून वाटेवर ठिपक्याठिपक्यांनी पडलं होतं. आमचं बोलणंही थांबलं होतं. रातकिडे, आमची पावलं आणि लांबवर घाटात कुठंतरी आगगाडीची शिट्टी, एवढेच आवाज.

झाडी संपली आणि डावीकडं खडकाळ उतार लागला. आणि त्या उतारावर, डोळ्यांच्या कोपऱ्यातून, मला ते दिसलं.

पांढरं. उंच. हात वर केलेलं.

मी झटकन तिकडं पाहिलं. ते नाहीसं झालं! मान वळवली, पुन्हा कोपऱ्यातून दिसू लागलं. सरळ पाहिलं, पुन्हा गायब! दोस्तांनो, मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. पण त्या क्षणी माझ्या घशाला कोरड पडली. पाय जागच्या जागी रुतले. हात आपोआप सॅककडं गेला, चेन उघडली, आणि…

खटक्!

बॅटरीच्या झोतात समोर उभं होतं एक झाड. पानं झडलेलं, पांढऱ्याफटक, गुळगुळीत सालीचं. कांडोळ! सह्याद्रीतल्या खडकाळ उतारांवर हे झाड दिसतं. इंग्रजीत त्याला 'घोस्ट ट्री' म्हणजे 'भूतझाड' असंच म्हणतात, आणि का म्हणतात, ते मला पुरेपूर समजलं.

मी बॅटरी विझवली. कान गरम झाले होते. आता तो हसणार, पोटभर हसणार, याची मी वाट पाहत होतो. बरोबरच होतं म्हणा. पंचवीस वर्षांची उधारी होती.

तो हसला नाही. त्यानं आधी घाईघाईनं टोपी काढून खिशात कोंबली, मला रंग दिसू नये म्हणून. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बस जरा. पाणी पी."

आम्ही एका दगडावर बसलो. त्यानं शांतपणे समजावलं. आपल्या डोळ्यांत दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूसारख्या पेशी रंग ओळखतात, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. दांड्यासारख्या पेशींना रंग कळत नाहीत, पण त्या अगदी मंद उजेडातही काम करतात. आपण सरळ बघतो तेव्हा डोळ्याच्या ज्या मधल्या भागाचा उपयोग होतो, तिथं दांड्यासारख्या पेशी नसतातच. त्या असतात भोवतीनं. म्हणून रात्री अंधूक वस्तू सरळ पाहिली की हरवते आणि जरा बाजूला पाहिलं की दिसते.

"म्हणजे माझं भूत डोळ्यांतच होतं," मी म्हटलं.

"सगळ्यांचंच तिथं असतं," तो म्हणाला.

मग थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग मीच विचारलं, "तुझी भीती कशी गेली रे?"

"माझी मुलगी पहिलीत होती तेव्हाची गोष्ट," तो सांगू लागला. "गावी गेलो होतो. रात्री दिवे गेले. ती म्हणाली, बाबा, भीती वाटते, माझा हात धरा. मी धरला. तर म्हणते कशी, बाबा, तुमचाच हात थरथरतोय! तेव्हा ठरवलं. तिला 'भिऊ नकोस' म्हणायचं तर आधी मला शिकायला हवं. मग रोज रात्री दिवा बंद करून पाच मिनिटं गॅलरीत बसायला लागलो. नुसतं बसायचं. काय दिसतं, काय ऐकू येतं ते मोजायचं. मग दहा मिनिटं. मग गच्चीत. मग गावच्या शेतात, वडिलांबरोबर. तीन हिवाळे गेले त्यात. भीती एकदम नाही गेली. पण ओळखीची झाली. आणि ओळखीच्या माणसाला कोण घाबरतं?"

आता माझी पाळी होती. बॅटरी लावायलाही इतका वेळ लागला नव्हता, तेवढा तोंड उघडायला लागला.

"अरे, ती चादर… शिबिरातली… आत मी होतो."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी दोरीवर वाळत होती. कोपऱ्यात तुझ्या आईनं दोऱ्यानं तुझं नाव घातलं होतं. शिबिरात हरवू नये म्हणून."

"मग तू बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो," तो म्हणाला.

दोस्तांनो, त्यानं मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी त्याची माफी मागितली. फार उशिरा, पण मनापासून. त्यानं ऐकून घेतली. "ठीक आहे रे" असं नाही म्हणाला. म्हणाला, "खूप लागलं होतं मला तेव्हा. गुडघ्याला नव्हे." आणि मग थोड्या वेळानं, "सांगितलंस, बरं झालं. ऊठ, थंडी वाजतेय."

उठता उठता तो वर बघून हसला. "आणि काय रे, ससोबा नाव ठेवणाऱ्यांनो, तो बघा खरा ससोबा! एकटा राहतो अंधारात. घाबरतो का?"

चंद्रावरचा ससा लख्ख दिसत होता. ते काळे डाग म्हणजे खूप खूप वर्षांपूर्वी लाव्हा पसरून थिजलेली मैदानं. पण त्या रात्री तो ससाच होता.

"तू हरलास," मित्र म्हणाला. "बॅटरी लावलीच आहेस तर आता आणखी एक गंमत बघ. डोळ्यांच्या रेषेत, कपाळापाशी धर आणि गवतात झोत टाक."

मी तसं केलं. गवतात जागोजागी हिरवट हिऱ्यांच्या कण्या चमकू लागल्या! दव वाटलं. जवळ जाऊन पाहिलं तर ते होते कोळी. त्यांच्या डोळ्यांवरून उजेड परत फिरत होता. शेकडो जण आम्हाला बघत होते, आणि आम्ही समजत होतो की रानात आपण दोघंच!

*

उधेवाडीत पोचलो तेव्हा मध्यरात्र उलटली होती. ज्यांच्याकडं उतरायचं आधी कळवलं होतं, त्या मावशी जाग्याच होत्या. "रातचं चालत आलात व्हय? बसा, च्या टाकते," म्हणाल्या. गरमागरम गवती चहा! काय सांगू त्याची चव!

चहा पिऊन अंगणात आलो आणि मित्र म्हणाला, "चल, सावली-पकड!"

मी खाली पाहिलं. सावलीच नाही! नीट पाहिलं तर पायांपाशी एवढंसं काळं वर्तुळ. चंद्र अगदी डोक्यावर होता. याचं कारणही मजेदार आहे. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला असतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला, म्हणून पूर्ण चंद्र उत्तरेकडून, उंचावरून जातो. आपल्याकडं मे आणि जुलैमध्ये सूर्य डोक्यावर येऊन सावली गायब होते ना? पौषातला पूर्ण चंद्र साधारण त्याच वाटेनं जातो. भर मध्यरात्रीचा हा 'शून्य सावली'चा खेळ!

पडवीत घोंगडी पांघरून दोन-तीन तास झोपलो. पहाटे उठून किल्ल्याकडं निघालो. राजमाचीला बालेकिल्ले दोन, श्रीवर्धन आणि मनरंजन. दोघांच्या मधल्या खिंडीत भैरवनाथाचं देऊळ. त्यातला उंच श्रीवर्धन आम्ही चढलो.

शिवाजी महाराजांनी 1657 साली हा किल्ला घेतला. 1818 मध्ये तो इंग्रजांकडं गेला. कोकणातल्या बंदरांतून घाटावर येणारा माल बोरघाटातून यायचा आणि त्या वाटेवर राजमाचीची नजर असायची. गो. नी. दांडेकरांची 'माचीवरला बुधा' ही कादंबरी याच माचीवर घडते. मोठे झालात की जरूर वाचा. तटावर बसल्या बसल्या माझ्या मनात आलं, इथले पहारेकरी रात्र रात्र अंधारात बघत बसत असतील. मशाल हातात धरून दूरचं दिसत नाही. त्यांनाही हे डोळ्यांचं गुपित ठाऊक असणारच.

मग पूर्व उजळली. उत्तरेला ढाकचा डोंगर, दक्षिणेला नागफणीचा सुळका हळूहळू धुक्यातून वर आले. पूर्वेला सूर्य उगवला, आणि त्याच वेळी पश्चिमेला, मनरंजनच्या बाजूला, चंद्र मावळत होता. पुन्हा परातीएवढा! एका हाताला सूर्य, एका हाताला चंद्र, आणि मधे आम्ही दोघं.

"आता बघ," असं म्हणून मित्रानं खिशातून टोपी काढली.

लालभडक! लग्नाच्या शालूसारखी लाल!

"काळी म्हणे!" तो हसला. मंद उजेडात काम करणाऱ्या त्या दांड्यासारख्या पेशींना लाल उजेड जवळजवळ दिसतच नाही. म्हणून चांदण्यात लाल रंग काळा वाटतो. पंचवीस वर्षं ज्याला मी भित्रा समजत होतो, त्याच्याबाबतीतही माझं असंच झालं होतं. अर्धवट उजेडात पाहिलं आणि रंग ठरवून मोकळा झालो.

"दोन्ही पैजा हरलास," तो म्हणाला. "आता ऐक काय द्यायचं ते. पुढच्या पौर्णिमेला माझी मुलगी आणि तुझा मुलगा, दोघांना घेऊन यायचं. आणि ती चादरीची गोष्ट तुझ्या मुलाला तू स्वतः सांगायची. काही न गाळता."

मी कबूल केलं. सांगितलीही. ऐकून मुलानं मला पहिला प्रश्न काय विचारला असेल? "बाबा, त्या काकांना खूप लागलं होतं का?"

दोस्तांनो, तुम्हालाही चांदण्यात चालावंसं वाटतं ना? मग आई-बाबांना, ताई-दादांना आत्ताच गळ घाला. वाट माहीत असलेलं मोठं माणूस हवंच. गावात आधी कळवून ठेवा. पायात बूट घाला, कोरड्या गवतात जाळ करू नका आणि दरीच्या कडेपासून लांब राहा. बॅटरी सॅकमध्ये असू द्याच. आणि सोबत्यांतलं कुणी अंधाराला भीत असेल, तर हसू नका. त्याचा हात धरा. कोण जाणे, पुढच्या वळणावर तुम्हालाच त्याचा हात धरावा लागेल!